दप्तरातून वहिवाटीत : ‘लीज अँड लीफ’ आणि तिचे श्रोते

आजवर निघालेल्या लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांपैकी सर्वांत प्रभावशाली कोणती, असा प्रश्न बी. बी. सी.च्या ‘रेडिओ टू’ या केंद्राने २००६ साली आपल्या श्रोत्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांचा कौल फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘लीज अँड लीफ’ या ध्वनिमुद्रिकेला मिळाला. डिसेंबर १९६९ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने ती प्रसिद्ध केली, त्या वेळी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ती १७व्या क्रमांकाच्या वर कधी चढली नव्हती. आणि तबकडी बाजारात येण्यापूर्वीच वृंदाची गायिका सँडी डेनी व त्याचा संस्थापक बासवादक अ‍ॅशली हचिंग्ज हे दोघेही वृंदातून बाहेर पडलेले होते. ज्या कृतीला जन्मतःच तिच्या कर्त्यांनी निरोप दिला, तिला सदतीस वर्षांनी श्रोत्यांनी असे अग्रपूजेचे स्थान का द्यावे, याचा उलगडा केवळ वादनाच्या सफाईत शोधू गेल्यास होणार नाही. तो त्या ध्वनिमुद्रिकेच्या जन्मकथेत आणि तिने श्रोत्यांना लावलेल्या ऐकण्याच्या एका सवयीत आहे.

उत्तर लंडनमधील मझवेल हिल भागात ‘फेअरपोर्ट’ नावाचे एक घर होते. तेथे तालीम करणाऱ्या काही तरुणांनी १९६७ साली हा वृंद उभारला आणि आरंभीची दोन वर्षे अमेरिकन गीतकारांच्या रचना गाण्यात घालविली. १२ मे १९६९ रोजी, बर्मिंगहॅम येथील कार्यक्रम आटोपून रात्री परतत असता, एम-वन महामार्गावर त्यांच्या व्हॅनला भीषण अपघात झाला. त्यात अवघ्या एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लॅम्बल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन याची मैत्रीण, वेशभूषाकार जीनी फ्रँकलिन, या दोघांचा अंत झाला. वृंद मोडावा की चालवावा, हा प्रश्न या विशीतल्या मुलांपुढे उभा राहिला. त्यांनी तो चालविण्याचे ठरविले. परंतु गेलेल्या मित्राच्या साथीने वाजविलेली गाणी पुन्हा वाजविणे त्यांना अशक्य वाटले, आणि म्हणून ज्यावर कोणाच्याच हाताची खूण नाही असे काही त्यांना हवे होते. ते त्यांना आपल्याच देशाच्या जुन्या कथागीतांत सापडले. हॅम्पशरमध्ये, विंचेस्टरनजीक, फार्ली चेंबरलेन या खेड्यातील एका जुन्या प्रशस्त वाड्यात त्या उन्हाळ्यात त्यांनी मुक्काम ठोकला. लोकसंगीतात मुरलेला फिडलवादक डेव्ह स्वॉरब्रिक आणि नृत्यगृहांच्या वाद्यवृंदांत हात बसलेला ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स हे दोघे येऊन मिळाले, आणि तालमी सुरू झाल्या.

या सर्व उद्योगात दप्तराची बाजू सांभाळली ती हचिंग्जने. लंडनमधील ‘सेसिल शार्प हाउस’ हे इंग्लिश लोकनृत्य व लोकगीत संस्थेचे मुख्य ठाणे. तेथील ग्रंथालयात गीतसंग्राहकांची बाडे जपून ठेवलेली आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाग्रंथात ३०५ इंग्लिश व स्कॉटिश कथागीते पाठभेदांसह क्रमवार लावून दिली. सेसिल शार्प यांनी १९०३ पासून सॉमरसेटच्या खेड्यांत व पुढे अमेरिकेच्या अपॅलेशियन डोंगराळ मुलखात हिंडून चाली टिपल्या. या दोन्ही व्यक्तींचे उपकार अपार आहेत. परंतु क्रमांक पडलेले गीत सुरक्षित होते तसे ते स्तब्धही होते. ज्या मराठी वाचकाने साने गुरुजींनी गोळा केलेल्या ओव्या छापील पानावर वाचल्या आहेत आणि पहाटेच्या जात्यावर त्या कोणाच्या तोंडून ऐकल्याही आहेत, त्याला हे अंतर निराळे समजावून द्यावयास नको. ‘लीज अँड लीफ’ने या गीतांना दप्तरातून काढून पुन्हा वहिवाटीत आणले, आणि विशेष हे की, दप्तराचे ऋण लपविले नाही. तबकडीच्या दुघडी वेष्टनाच्या आतील भागात चाइल्ड व शार्प यांची छायाचित्रे आहेत, मॉरिस नृत्य आहे, जुन्या ग्रामोत्सवांची चित्रे व टिपणे आहेत. वेष्टन हातात घेऊन बसणाऱ्याला गाणे ऐकता ऐकताच त्याच्या कुळाचा दाखला मिळे.

‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हे चाइल्डच्या संग्रहातील ८१वे गीत. एका उमरावाची पत्नी सणाच्या दिवशी चर्चमध्ये मॅटी नामक सामान्य तरुणास पाहते, त्याला घरी नेते; एक चाकर धावत, पोहत जाऊन धन्याला वर्दी देतो; धनी येतो, निःशस्त्र मॅटीला दोन तलवारींपैकी चांगली तलवार देऊन स्वतः हलकी घेतो, द्वंद्वात त्यास ठार करतो आणि मग पत्नीला विचारतो की, आता तुला कोण प्रिय? तिने मृत मॅटीचे नाव घेताच तिचाही वध होतो. आणि दोघांना एकाच खड्ड्यात पुरताना, ती कुलीन म्हणून तिला वर ठेवावे, अशी आज्ञा तो देतो. मृत्यूनंतरही सुटत नाही असा तो दर्जाचा अभिमान सँडी डेनी ज्या सुरात सांगते त्यात ना संताप आहे ना अश्रू. एखाद्या साक्षीदाराने पाहिले तेवढे कथन करावे तसे ती कथन करते, आणि नेमके तेथे शब्द संपून गिटार व फिडल यांची दीर्घ जुगलबंदी सुरू होते. न उच्चारलेला सर्व क्षोभ त्या वाद्यांत ओतला जातो. या गीताची चाल अपॅलेशियन मुलखातल्या ‘शेडी ग्रोव्ह’ या गाण्याच्या कुळातील आहे. म्हणजे इंग्लंडची कथा समुद्रापलीकडील चाल लेवून घरी आली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

माझ्या मते मात्र या ध्वनिमुद्रिकेचे शिखर ‘टॅम लिन’ हे आहे. स्कॉटलंडमधील सेल्कर्कजवळच्या कार्टरहॉ या वनात जाण्यास बंदी असताना जॅनेट तेथे जाते, गुलाब खुडते, आणि पऱ्यांच्या राणीने बंदी केलेला टॅम लिन तिच्यापुढे प्रकट होतो. पुढे त्याच्यापासून गरोदर राहिलेली ती मुलगी हॅलोवीनच्या रात्री पऱ्यांच्या स्वारीतून त्याला घोड्यावरून खाली ओढते, आणि राणीच्या मायेने तो नाना भयंकर रूपे घेत असता त्याला मिठीतून सोडीत नाही. कथेचा सारा भार या न सोडण्यावर आहे. थॉम्पसनची विद्युत्‌-गिटार व मॅटॅक्सचे ड्रम यांचे तुटक, जड आघात प्रत्येक कडव्याला रोखून धरतात, आणि डेनीचा आवाज त्या आघातांच्या वरून, किंचितही न चढता, एकाच निश्चयाने पुढे जातो. विद्युत्‌-वाद्ये येथे अलंकार म्हणून आलेली नाहीत. त्यांच्यावाचून ती मिठी ऐकू आली नसती.

जुन्या गायनमंडळांतील काही निष्ठावंतांना हा वाद्यांचा गजर असह्य झाला, आणि त्यांचा रोष अप्रामाणिक होता असे म्हणता येणार नाही. पण ज्या प्राचीनतेच्या नावाने हा रोष व्यक्त होई तिची खातरजमा करू जाता प्रकरण गुंतागुंतीचे निघते. दुसरे गीत ‘रेनार्डीन’, ज्यातील गूढ, कोल्ह्यासारखा पुरुष श्रोत्यांना शतकांपूर्वीचा वाटतो, त्याच्या प्रचलित पाठाला ते गूढ रूप मुख्यतः विसाव्या शतकातील संग्राहक व गायक ए. एल. लॉइड यांनी आपल्या हाताने दिले. ‘फेअरवेल, फेअरवेल’ची चाल जुन्या ‘विली ओ विन्सबरी’ची, पण शब्द थॉम्पसनचे, ‘क्रेझी मॅन मायकेल’चे शब्द थॉम्पसनचे आणि चाल स्वॉरब्रिकची. अनेक श्रोते ही दोन गाणी वर्षानुवर्षे पारंपरिकच समजत आले. अपघाताची हकीकत ज्ञात असलेले श्रोते त्यांत त्या रात्रीचा शोक ऐकतात, आणि वीस वर्षांच्या मुलाने आपले दुःख असे जुन्या साच्यात घालून निनावी केले, हीच त्यांच्या आदराची गोष्ट आहे. परंपरा जिवंत असल्याचा याहून सबळ पुरावा कोणता?

सर्वच गाणी या उंचीची नाहीत. ‘कम ऑल यी’ हे आरंभीचे आवाहनगीत उत्साही असले तरी उथळ आहे. चार नाचाच्या चालींची गुंफण स्वॉरब्रिकच्या फिडलसाठी ऐकावी. आणि ‘द डिझर्टर’ मधला पुन्हा पुन्हा पकडला जाणारा पळपुटा शिपाई शेवटी राजपुत्राच्या कृपेने सुटतो, तेव्हा त्या सुटकेवर विश्वास बसत नाही.

निर्माता जो बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड यांनी चेल्सीतील ‘साउंड टेक्निक्स’मध्ये ही गाणी मुद्रित केली आणि लगोलग पांगापांग झाली. हचिंग्जला परंपरेत आणखी खोल जावयाचे होते, म्हणून त्याने ‘स्टीलआय स्पॅन’ काढला. डेनीला स्वतःची गाणी लिहावयाची होती, म्हणून तिने ‘फोदरिंगे’ उभारला. २१ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, ती निवर्तली. ऑगस्ट २००७ मध्ये ऑक्सफर्डशरमधील क्रॉप्रेडी येथील वार्षिक मेळ्यात १९६९चे हयात सहकारी एकत्र आले आणि त्यांनी ही ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत सादर केली. डेनीच्या जागी क्रिस व्हाइल गायिल्या.

मराठी रसिकाने ही तबकडी ऐकावयास घेताना प्रथम ‘टॅम लिन’ची कथा कोठूनही मिळवून संपूर्ण वाचावी, कारण कथा ठाऊक असल्याविना ही गायकी अर्धीच पोहोचते, आणि मग दुसऱ्या बाजूपासून आरंभ करावा. पहिली बाजू नंतर ऐकली तरी काही बिघडत नाही.