सागवानी पोटातलं इंजिन

वडाळा रोडला हार्बर लोकल पकडली की शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड करत ती बंदराच्या कडेकडेने सीएसएमटीला पोचते. तिथून थोडं चाललं की नौदलाच्या गोदीचं लायन गेट. याच गोदीत फेब्रुवारी १८२८मध्ये एक युद्धनौका पाण्यात उतरली. तीन डोलकाठ्या, ८४ तोफा, अंग सगळं सागाचं. बांधणारे नौरोजी जमशेटजी वाडिया. नाव ‘बॉम्बे’.

तेव्हा वारा पडला की भलंमोठं लढाऊ जहाजही जागच्या जागी डुलत राही. वाफ आली, पण सुरुवातीच्या आगबोटींची वल्ह्यांची चाकं दोन्ही कुशींना असत. तोफांची जागा तीच खात, आणि शत्रूचा एक गोळा बसला की खेळ खलास! उपाय निघाला तो मागच्या पंख्याचा. इंजिन पाण्याच्या पातळीखाली, दांडा मागच्या टोकातून आरपार, पंखा पाण्यात: गोळा पोचणार कुठून?

१८६१ साली इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत ‘बॉम्बे’ला असं इंजिन बसलं. शिडं मात्र राहिली, कारण कोळसा संपतो, वारा फुकट मिळतो. आणखी गंमत पाहा. नुसत्या शिडांवर जाताना थांबलेला पंखा पाणी अडवतो, म्हणून अशा कित्येक जहाजांत तो चक्क वर उचलून घेत. धुराडंही दुर्बिणीसारखं मिटवत.

पण तेहतीस वर्षांच्या लाकडी जहाजात इंजिन बसवायचा विचार तरी कसा सुचला? उत्तर सागात आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागातलं तेल त्यांना जपतं, लाकूडही सहसा कुजू देत नाही. वाडियांची जहाजं इंग्रजांना हवीहवीशी वाटत, ती या सागामुळे आणि ते सांधणाऱ्या हातांमुळे.

डिसेंबर १८६४मध्ये दक्षिण अमेरिकेत, माँतेविदेओजवळ ‘बॉम्बे’ला आग लागली. जहाज गेलं, नव्वदहून अधिक माणसं गेली.

मुंबईच्याच गोदीत १८४८ साली उतरलेल्या ‘मियानी’चं नशीब वेगळं. १८५७मध्ये तिलाही इंजिन बसलं, पुढे हाँगकाँगला ती तरंगतं रुग्णालय झाली. ती मोडीत निघाली १९०६मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडने टर्बाइनवर धावणारी पोलादी ‘ड्रेडनॉट’ पाण्यात सोडली. तोवर मुंबईत घडलेला साग तरंगतच होता.