केळ्याभोवती रेघ कुठे असते?

केळ्याचा एक फोटो समोर ठेवा. मोबाइलवरचा चालेल, वर्तमानपत्रात छापलेला चालेल. भुसावळ, यावल, रावेरकडच्या मुलांच्या तर घरातच केळ्यांची फणी असेल, पण आज फोटोच घ्या, कारण आपल्याला तो तपासायचा आहे. भिंग असेल तर तेही आणा. आता शोधा बरं, केळ्याच्या कडेकडेने जाणारी काळी रेघ कुठे दिसते का?

नाही सापडणार! पिवळा रंग संपतो आणि लगेच मागच्या भिंतीचा रंग सुरू होतो. मध्ये रेघबिघ काही नाही. आणि तरी कुणी 'केळं काढून दाखव' म्हटलं की आपण सगळ्यात आधी रेघच ओढतो. एक बाक, त्याच्याखाली दुसरा बाक, टोकाला देठ. बघणारा लगेच म्हणतो, "केळं!" जी रेघ खऱ्या केळ्याला नसतेच, तिच्यावरून केळं ओळखू कसं येतं?

हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला होता. १९६२ साली हॉकबर्ग आणि ब्रूक्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाळाला जवळजवळ १९ महिन्यांचं होईपर्यंत त्यांनी चित्रांपासून लांब ठेवलं होतं. चित्रांची पुस्तकं नाहीत, आणि चित्राकडे बोट दाखवून 'हा बघ भूभू' असं म्हणणंही नाही. बाळ खऱ्या वस्तूंची नावं मात्र शिकत होतं. मग एके दिवशी त्याच्यासमोर ओळखीच्या वस्तूंची नुसती रेषाचित्रं ठेवली. बाळाने ती ओळखली! रेषाचित्र वाचायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. (प्रयोग भारी आहे, पण घरच्या छोट्या भावंडावर करू नका. गोष्टीच्या पुस्तकांवाचून दीड वर्ष म्हणजे फारच झालं.)

पुढे १९८८ मध्ये बीडरमन आणि जू यांनी मोठ्या माणसांना पडद्यावर वस्तू दाखवल्या, त्याही सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या किंवा त्याहून कमी वेळ. कधी रंगीत फोटो, कधी साधं रेषाचित्र. वाटतं ना की फोटोच जिंकणार? दोघांची बरोबरी झाली. केळ्यासारखी वस्तू, जिचा रंग हीच तिची खूण, तिच्या बाबतीतही रंगीत फोटोला काही खास फायदा मिळाला नाही. लोकांनी केळं ओळखलं ते त्याच्या कडांवरून.

असं का होतं, ते समजायला डोळ्याच्या आत शिरावं लागेल. तिथे मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशी तिथेच असतात, आणि ती बातमी मेंदूकडे धाडणाऱ्या पेशीही तिथेच. या पेशी शेजारणींना गप्प करत असतात. सगळीकडे सारखाच उजेड पडला की सगळ्या एकमेकींना गप्प बसवतात आणि वर फारशी बातमी जातच नाही. पण एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल, तर सीमेवरच्या उजेडातल्या पेशीला गप्प करणारं त्या अंधाऱ्या बाजूला कुणी नसतं. मग ती जोरात ओरडते. म्हणजे केळ्याच्या पोटातला एकसारखा पिवळा रंग मेंदूला फारसा कळवावाच लागत नाही. कळवायची असते ती कड.

आणि मेंदूत पोचल्यावर तर आणखी गंमत! डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे १९५८ च्या सुमारास मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीवर कान ठेवून बसले होते. मांजरासमोरच्या पडद्यावर ते काळे-पांढरे ठिपके दाखवत. पेशी ढिम्म. मग काचेची पट्टी यंत्रात सरकवताना पट्टीच्या कडेची बारीकशी सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी तडतडायला लागली. तिला ठिपका नकोच होता, तिला हवी होती रेघ. तीही ठरावीक तिरकेपणाची! कुणाला उभी रेघ आवडते, कुणाला आडवी, कुणाला तिरपी. या शोधमालिकेसाठी दोघांना १९८१ साली नोबेल पुरस्कार मिळाला. तेव्हा चित्रकलेच्या तासाला तुम्ही रेघ ओढता, तेव्हा समोरच्याच्या मेंदूला त्याच्या आवडीची गोष्ट आयती वाढत असता.

अजिंठ्याच्या चित्रकारांना यातलं काही माहीत नव्हतं. पण रेघेचं महत्त्व त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. जळगावहून एसटीने साठेक किलोमीटर गेलं की अजिंठा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तिथे सहल जाऊन आली असेल. पुढच्या वेळी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर थोडं जास्त थांबा. पाचव्या शतकात हे चित्र काढणाऱ्यांनी आधी भिंतीवर चुन्याचा गुळगुळीत थर दिला, त्यावर गेरूच्या तांबड्या रंगाने रेखाटन केलं, मग रंग भरले आणि शेवटी पुन्हा गडद रेघ फिरवली. पद्मपाणीच्या भुवया बघा. कुंचला टेकला, वळला, उचलला. गिरवागिरवी नाही. चित्रकलेवरच्या जुन्या 'चित्रसूत्र' या ग्रंथात म्हटलंय की सामान्य लोक रंगांवर खूश होतात, पण जाणकार आचार्य आधी रेघेला दाद देतात. मला हे थोडं आगाऊपणाचं वाटतं, रंगांनीही खूश व्हावं की माणसाने! पण पद्मपाणीसमोर उभं राहिलं की आचार्यांचं म्हणणं पटतं.

आता भुसावळला परत या. इथल्या जुन्या इंग्रज दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. हे कोण? १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना एक काम दिलं, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या हुबेहूब नकला करण्याचं. कॅनव्हासवर, तैलरंगात, मूळ चित्रांच्याच मापाच्या. वटवाघळं, अंधार, ताप, वाघांची भीती, सगळं सोसत गिल वर्षानुवर्षं रंगवत राहिले.

त्याच १८४४ सालात इंग्लंडमध्ये टॅलबट नावाच्या गृहस्थांचं पुस्तक यायला सुरुवात झाली. त्यात चक्क फोटो चिकटवलेले होते. हे टॅलबट म्हणजे छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक. त्यांना फोटोची कल्पना सुचली कशी? १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी ते चित्र काढत बसले होते. आरशासारखं एक यंत्र वापरून समोरचं दृश्य कागदावर दिसत होतं, नुसतं गिरवायचं होतं. तरी जमेना! वैतागून त्यांनी विचार केला, हे दृश्य आपलं आपणच कागदावर उमटलं तर? म्हणजे बघा, चित्र काढता येत नाही या रागातून एक कॅमेरा जन्माला आला. आणि आज आपण त्याच कॅमेऱ्याचा फोटो समोर ठेवून चित्र शिकतो.

गिलनीही पुढे कॅमेरा हातात घेतला. त्यांचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसतील तसे दोन फोटो तो शेजारीशेजारी टिपायचा. ते खास दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिले की दगडी खांब पुढे आल्यासारखे वाटायचे. १८६४ साली गिल यांच्या अशा फोटोंची पुस्तकं लंडनला छापली गेली.

रंगीत नकलांचं मात्र वाईट झालं. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली. थोड्याशा सोडून बाकी सगळ्या जळाल्या. त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला नकला करायला आले, तर लंडनला पोचलेल्या त्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ सालच्या तिथल्या दुसऱ्या आगीत गेल्या! पण गिल यांच्या काही चित्रांवरून जॉर्ज शार्फ यांनी काढलेली छोटी रेषाचित्रं १८५६ सालच्या एका पुस्तकात आधीच छापून झाली होती. भिंतीएवढे कॅनव्हास राख झाले, आणि तळहाताएवढ्या काळ्या रेघांवरून आजही कळतं की कोण कुठे बसलं होतं, हत्ती कुठे वळला होता.

तर आता आपण फोटोवरून काढून बघू. केळं फार सोपं झालं. भुसावळला विजेच्या इंजिनांची शेड आहे, तेव्हा इंजिनच घ्या. फोटो वर्तमानपत्रातला किंवा पुस्तकातला. रुळांजवळ जाऊन मोबाइल वर करणाऱ्यांचा नाद करू नका, डोक्यावरच्या त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात.

फोटोची एक खोड लक्षात ठेवा. त्याला निवड करता येत नाही. इंजिन दाखवताना तो मागचा खांब, तारा, चिनी मातीचे विद्युतरोधक, जाळ्या, खिळे, नंबर, खडी, पाण्याची बाटली, सगळं सारख्याच इमानदारीने दाखवतो. कधीकधी मागचा खांब बरोबर चालकाच्या खिडकीतून उगवलेला दिसतो. ते सगळं तुम्हीही काढायला बसलात, तर संध्याकाळपर्यंत खडीच मोजत राहाल. म्हणून आधी डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील धूसर होतात आणि मोठे आकार तेवढे उरतात. लांबट खोका, पुढचा उतरता चेहरा, दोन खिडक्या, खाली चाकांचा गडद पट्टा, टपावर वीज घेणारा पेंटोग्राफ. एवढंच.

तरीही हात 'आपल्या डोक्यातलं इंजिन' काढायला धावत असेल, तर फोटो उलटा करा. खरंच, डोकं खाली, चाकं वर! बेटी एडवर्ड्स या चित्रशिक्षिकेने १९७९ साली आपल्या पुस्तकातून ही युक्ती जगभर पोचवली. वस्तू उलटी झाली की मेंदूला 'ही खिडकी, हे चाक' अशी नावं चटकन देता येत नाहीत आणि आपण मुकाट्याने जे दिसतं ते काढतो. बाईंनी त्यामागे मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाचं कारण सांगितलं होतं. आजचे शास्त्रज्ञ ते तसंच्या तसं मानत नाहीत, पण युक्ती चालते.

आणि आता हात. कागदावर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्या. पेन घेऊन ते अगदी सावकाश, दहा सेकंद लावून जोडा. भिंगातून बघा. बारीक बारीक लाटा दिसतील. घाबरू नका, तुम्हाला काही झालेलं नाही. प्रत्येक निरोगी माणसाचा हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा किंचित थरथरतो. शिवाय सावकाश जाताना डोळे सारखे पेनाच्या टोकावर पहारा देत असतात. 'डावीकडे गेली, आवर! उजवीकडे गेली, आवर!' डोळ्याने पाहून हाताने दुरुस्ती करायला सेकंदाचा जवळजवळ पाचवा भाग लागतो, तोवर रेघ आणखी पुढे गेलेली असते. म्हणून दुरुस्तीचीही दुरुस्ती.

दुसऱ्यांदा वेगळं करा. पेन कागदाला न लावता हवेतच दोनतीनदा या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत हात फिरवा. मग नजर शेवटच्या ठिपक्यावर ठेवा, पेनाकडे बघूच नका, आणि एका दमात रेघ ओढा. थरथरायला वेळच मिळत नाही! लांब रेघ असेल तर मनगट कागदावर टेकवून ठेवू नका. मनगटावर हात फिरला की छोटीशी कमान होते, कोपरापासून फिरला की मोठी, आणि खांद्यापासून फिरला तर इंजिनाच्या टपाची अख्खी रेघ एका झटक्यात होते. चुकली तर खोडरबर शोधू नका, शेजारी दुसरी ओढा. एलिमेंटरीच्या परीक्षेच्या तयारीत रबर झिजवणाऱ्यांना हे ऐकवणार नाही, पण सरावाची वही पेनानेच भरा. रबर नसला की हात आधी विचार करतो.

माणसांचे चेहरे काढणाऱ्यांसाठी एक टीप. फोटोत हसणाऱ्या ताईचे सगळे दात दिसत असले, तरी प्रत्येक दाताभोवती रेघ काढू नका. ताई रागावेल. दातादातांमध्ये फोटोत जेमतेम सावली असते, आणि तुमची रेघ तिला काळी फट करून टाकते. नाकाचंही तसंच, दोन्ही बाजूंना सारखी रेघ द्याल तर तोंडावर पुंगळी चिकटवल्यासारखी दिसेल.

इंजिन काढून झालं? आता त्याचा खेळ करा, दोघं तरी हवेत. चित्र पेन्सिलने पुन्हा एका कागदावर उतरवा. (इथे रबर चालेल.) मित्राला क्षणभर दाखवा आणि झाका. 'इंजिन' म्हणाला? एक रेघ पुसा. पुन्हा दाखवा, पण आता दुसऱ्या कुणाला, कारण पहिल्याला उत्तर माहीत झालंय. खिडकीची चौकट गेली तरी चालतं. मधली चाकं गेली तरी चालतं. दरवाजा तर कुणाला आठवतही नाही. पण टपावरचा पेंटोग्राफ पुसून बघा. दहातले काही जण त्याला बस म्हणतील, आणि वर्गात एक तरी असा निघेल जो म्हणेल, "फ्रिज आडवा पडलाय." मग पेंटोग्राफ परत काढा आणि पुढचा उतार पुसा. कुठली रेघ गेली की इंजिनाचं इंजिनपण जातं, ते वहीत लिहून ठेवा, आणि शेजारच्या गटाची यादी वेगळी निघाली तर त्यांच्याशी भांडा.