वनहक्काचा दावा आणि उपग्रहाचे चित्र

सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे एकोणसत्तर अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी, अक्कलकुवा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कित्येक शेते सरकारी दप्तरी मात्र वनजमीन म्हणून नोंदलेली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही विसंगती दूर करण्याचा मार्ग खुला केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, आदिवासी शेतकऱ्यास हक्क मागता येतो. प्रश्न उरतो तो पुराव्याचा. या कामी सर्वांना विनामूल्य उपलब्ध असलेली साधने कितपत उपयोगी पडतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साधने कोणती?

१९८४ ते २०१३ या काळात कार्यरत असलेल्या लँडसॅट-५ या अमेरिकन उपग्रहाची चित्रे २००८ पासून जगभर विनामूल्य मिळू लागली. त्यामुळे २००५ सालचा डोंगर आजही पाहता येतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ हे नकाशा-दालन २००९ पासून खुले आहे. चित्रांवर सीमारेषा आखणे, क्षेत्रफळ काढणे यासाठी क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली कोणतेही शुल्क न देता वापरता येते. शेताच्या बांधावरून जीपीएस यंत्र घेऊन चालत गेल्यास मिळणारी रेषा या प्रणालीत २००५ च्या चित्रावर ठेवता येते आणि त्या वेळी तेथे शेत होते की झाडी, याचा अंदाज बांधता येतो.

चित्राच्या मर्यादा

तथापि हे चित्र डोळे झाकून स्वीकारणे धोक्याचे आहे. लँडसॅट-५ च्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील तीस मीटर लांबी-रुंदीचा चौरस. चार हेक्टरच्या शेतात असे सुमारे चव्वेचाळीस ठिपके मावतात, तर एक एकराच्या तुकड्यात जेमतेम साडेचार. त्यातही कडेच्या ठिपक्यांत शेत व झाडी यांचे रंग मिसळतात. शेतात राखलेली मोहाची झाडे चित्रात जंगलासारखी दिसू शकतात.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यात ढग आड येतात. पावसाळा सरताच पीक आणि रान दोन्ही हिरवी असतात. उन्हाळ्यात सागाची पाने गळून रानही उघडे पडते. खरिपाची कापणी झाल्यानंतरचे, झाडांवर पाने असतानाचे चित्र त्यातल्या त्यात उपयुक्त. पण तेव्हा सूर्य कललेला असल्याने सकाळी घेतलेल्या चित्रात वायव्येकडील उतार सावलीत जातात. म्हणून निरनिराळ्या महिन्यांतील चित्रे ताडून पाहणे आवश्यक ठरते.

मोजणीतही दक्षता हवी. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे चौसष्ट मीटर असते. प्रत्येक सीमा केवळ पाच मीटर आत सरकली, तर एक चतुर्थांशाहून अधिक जमीन कागदावरून नाहीशी होते. यासाठी प्रत्येक कोपऱ्यावर काही वेळ थांबून, शेजाऱ्यांच्या समक्ष नोंद घ्यावी.

नियम काय सांगतात?

वनहक्क नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने याबाबत स्पष्टता आणली. उपग्रह-चित्र हे अन्य पुराव्यांना पूरक आहे. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने तसेच दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावेच आहेत आणि एकाहून अधिक पुरावे विचारात घेणे बंधनकारक आहे. केवळ चित्रात झाडी दिसते म्हणून दावा अमान्य करणे नियमांच्या आशयास धरून होणार नाही. निर्णयाविरुद्ध साठ दिवसांच्या आत वरिष्ठ समितीकडे दाद मागता येते.

दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. म्हणून तयार झालेला नकाशा प्रथम ग्रामसभेत मांडावा आणि पावरी, भिली, मावची अशा त्या त्या गावच्या बोलीत समजावून द्यावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना नकाशा-वाचन शिकविल्यास गावातच जाणकार तयार होतील. पंचायत सदस्यांनी वनहक्क समितीसह प्रत्यक्ष बांधावर जाऊन खात्री करावी, तर अधिकाऱ्यांनी चित्राची तारीख व ठिपक्याचा आकार पाहूनच अभिप्राय नोंदवावा. एवढी काळजी घेतली, तर खरा कसणारा केवळ कागदाअभावी आपल्या जमिनीस मुकणार नाही.