सुटतांना मोटार कां थरथरते?

देवपूरहून मालेगांवकडे जातांना लळिंगच्या चढावर वाहनांची रांग थांबून पुन्हा हलूं लागली, कीं क्लचचें पेडल नसलेली एखादी मोटार सुटतांना थरथरते. असें कां व्हावें? २०१४ सालीं सेलेरिओबरोबर ही सोय आपल्याकडील लहान मोटारींत आली. पेडल गेलें, क्लच मात्र राहिला. तो आतां पायाऐवजीं यंत्र दाबतें. इंजिन फिरतें आणि चाकें स्थिर. दोहोंचा मेळ बसेपर्यंत क्लचची तबकडी थोडी घसरलीच पाहिजे. ती झिजलेली, तापलेली वा तेलकट असली, तर क्षणांत पकडते, क्षणांत सुटते. तोच हा कंप! म्हणून चढावर अॅक्सिलरेटर दाबून मोटार तोलूं नये. ब्रेक दाबून उभें राहावें. नाहींतर तबकडी जळते, आणि ऐन चढावर मोटार मागें येऊं लागते.