पिल्लं आली, कुत्र्याला शिकवा

पुसद असो की पांढरकवडा, घरच्या कुत्र्याला अंगणातली मोठी कोंबडी सवयीची असते. पण गिरिराज किंवा वनराज जातीच्या कोंबड्यांची नवी पिल्लं आली, की त्यांची चिवचिव आणि तुरुतुरु पळणं त्याच्यातली शिकारी वृत्ती जागी करतं. पिल्लं डालग्याखाली झाका. कुत्र्याला आधी दमेपर्यंत फिरवा, मग दोरीने धरून लांब बसवा. कान टवकारून, अंग ताठ करून तो एकटक पाहू लागला तर आणखी मागे न्या. हाकेसरशी नजर वळवली, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या. मारू तर मुळीच नका. त्या माराची सांगड तो पिल्लांशी घालतो. अंतर रोज थोडं कमी करा. शांत झाला तरी पिल्लांपाशी त्याला एकटं सोडू नका: एका दिवसाचं पिल्लू जेमतेम ३५-४० ग्रॅमचं, खेळता खेळता पडलेला पंजाही त्याच्या जिवावर बेततो.