बाळाची रात्र कधी होते?

‘दिवसभर ढाराढूर झोपतं आणि रात्री अकरा वाजले की टक्क जागं!’ नवं बाळ आलेल्या घरात पहिल्या महिन्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं दूध पुरत नसेल, वरचं सुरू करा. कुणी दृष्ट काढायला सांगतं. या साऱ्यात आई मात्र खचते, तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तिचं काहीच चुकलेलं नसतं. बाळाच्या शरीरात रात्र अजून तयारच झालेली नसते.

पोटात असताना बाळाला दिवस-रात्रीची खबर आईकडून मिळते. अंधार पडला की आईच्या मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवतं आणि वारेतून ते बाळापर्यंत पोचतं. नाळ कापली की तो पुरवठा थांबतो. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री वाढू-दिवसा ओसरू लागतं, ते साधारण नवव्या ते बाराव्या आठवड्यात. तोवर बाळाला झोपवते आणि उठवते ती मुख्यतः भूक.

हे घडताना कसं दिसतं, त्याचा एक फार सुंदर तक्ता आहे. शिकागो विद्यापीठातले झोपेचे अभ्यासक नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी थिओडोर एंगलमन यांनी 1953 साली तो प्रसिद्ध केला. भूक लागेल तेव्हा दूध आणि झोप येईल तेव्हा झोप अशा पद्धतीने वाढवलेल्या एका बाळाची ही नोंद, वयाच्या 11व्या दिवसापासून 182व्या दिवसापर्यंतची. एका दिवसाची एक ओळ. झोपेला रेघ, दुधाला ठिपका, जागेपणाला कोरी जागा. वरच्या ओळींत रेघा नुसत्या विखुरलेल्या आहेत. पुढच्या काही आठवड्यांत त्या एकत्र यायला लागतात, पण झोपेचा पट्टा रोज थोडा पुढे सरकत जातो, कारण शरीरातलं घड्याळ चालू झालेलं असलं तरी ते चोवीस तासांशी अजून जुळलेलं नसतं. ‘कालपर्यंत नऊला झोपत होतं, आज अकरा का?’ या प्रश्नाचं उत्तर या तिरक्या पट्ट्यात आहे. तक्त्याच्या तळाकडे येईतो रात्रीचा गडद पट्टा सरळ उभा राहिलेला दिसतो.

क्लाइटमन यांच्याच प्रयोगशाळेत यूजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी झोपलेल्या बाळांचे डोळे निरखत बसे. बंद पापण्यांखाली डोळे कधी हलतात, कधी स्थिर असतात, हे त्याने टिपलं. त्यातूनच पुढे मोठ्यांच्या ‘रेम’ म्हणजे डोळे भराभर हलण्याच्या झोपेचा शोध लागला. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप या प्रकारची असते, आणि तिला शांत झोप म्हणवत नाही. बाळ कुंथतं, ओठ चोखतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झटकतं, मधेच गालात हसतं. सटवाई हसवते, असं आपल्याकडे म्हणतात. उंदरांच्या पिल्लांवरचे प्रयोग सांगतात की या झटक्यांतून मेंदू स्वतःच्या हातापायांची ओळख करून घेत असतो.

घरच्यांची गफलत होते ती इथेच. रात्री दोनला बाळ चुळबुळलं की आपण दिवा लावतो, उचलतो, लंगोट तपासतो. बाळ तोवर झोपलेलंच असतं; जागं करतो ते आपण. त्याचं झोपेचं एक आवर्तन जेमतेम तासाभराचं, त्यामुळे अशी चुळबूळ रात्रीतून बऱ्याचदा होणार. मिनिटभर थांबावं, छातीवर हलका हात ठेवावा. खरंच भूक असेल तर आवाज चढतोच, आणि मग दूध द्यावंच.

घड्याळ लवकर जुळावं म्हणून करण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे उजेड. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या दिवसभर बंद असतात आणि रात्री पाहुण्यांसाठी ट्यूबलाइट जळत राहते. नेमकं उलट हवं. दिवसा पडदे उघडे, भांड्यांचा, बोलण्याचा नेहमीचा आवाज. रात्री मंद दिवा, कमी बोलणं. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतं. म्हणून दूध काढून ठेवणाऱ्या नोकरदार आयांनी बाटलीवर वेळ लिहावी आणि जमेल तसं दिवसाचं दिवसा, रात्रीचं रात्री पाजावं.

झोका देऊन सवय बिघडते, हे मला पटत नाही. आतल्या कानातली तोलाची इंद्रियं झोका टिपतात. संथ झुलणाऱ्या पलंगावर प्रौढांनाही गाढ झोप लागते, हे जिनिव्हातल्या प्रयोगांत दिसलं आहे. जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या चमूने 2022 मध्ये 21 तान्ह्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चाललं की बरीच बाळं शांत होतात, काही झोपतात. खाली ठेवताना ती उठतात, पण पाठ गादीला टेकते म्हणून नव्हे. आईचं अंग सुटू लागतं त्याच क्षणी ठोके वाढतात. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं घेऊन बसलं, तर ठेवल्यावर उठण्याची शक्यता कमी होते.

ठेवायचं ते मात्र पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. पाश्चात्त्य देशांत 1990च्या दशकात पाठीवर झोपवण्याची मोहीम निघाली, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. डोकं गोल व्हावं म्हणून दिलेली मोहरीची उशी काढून टाकावी. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. झोप लागली की बाळाला बाहेर घ्यावं.

आणि औषध देऊन झोपवणं कायमचं बंद व्हावं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूच्या ‘बाळागोळ्या’ देत. कामाचे तास आणि घरी बाळाजवळ कुणी नसणं, यांनी त्यांच्यावर ती वेळ आणली होती. आज ती जागा सर्दीच्या सिरपने घेतली आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये काढला. सिरप आणण्याआधी बाटलीवरची ही ओळ वाचा.

वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांचं घड्याळ जुळलेलं असतं, पण घराचं उशिरा चालतं. बाबा लोकलने साडेनऊला येतात, मग खेळ, मग मोबाइल. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात ठेवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन सुमारे 88 टक्क्यांनी घटलं, असं कोलोरॅडोतल्या एका अभ्यासात दिसलं. रोज त्याच क्रमाने अंग पुसणं, कपडे बदलणं, गोष्ट, अंगाई, दिवा बंद. एवढ्यानेही मुलं लवकर झोपतात आणि रात्री कमी उठतात. बाबांनी आल्यावर खेळ टाळून गोष्ट सांगावी.

तरीही उठणारी मुलं उठतातच. कॅनडातल्या 388 बाळांच्या पाहणीत वर्षाची झालेली 28 टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, आणि त्यांच्या बौद्धिक वा हालचालींच्या विकासात काही उणं आढळलं नाही. झोपेत रोज घोरणारं किंवा श्वास अडखळणारं मूल मात्र डॉक्टरांना दाखवावं. बाकी घरांत पहाटेचं दूध झालं की बाळाला दुसऱ्या कुणी घ्यावं आणि आईला दोन तास सलग झोपू द्यावं.