सेवानकार व धर्मस्वातंत्र्य

सार्वजनिक व्यवसाय चालविणाऱ्याने एखाद्या ग्राहकास त्याची जात, धर्म, लिंग वा लैंगिक कल यांमुळे माल विकण्याचे किंवा सेवा देण्याचे नाकारणे, यास येथे सेवानकार म्हटले आहे. नकार देणारा जेव्हा आपल्या श्रद्धेचा आधार घेतो, तेव्हा धर्मस्वातंत्र्य व समान वागणूक हे दोन हक्क परस्परांसमोर उभे राहतात. पाश्चात्त्य देशांत अलीकडे हा वाद मुख्यतः समलिंगी ग्राहकांच्या संदर्भात झाला. भारतात तो अस्पृश्यतेच्या संदर्भात फार पूर्वी उपस्थित झाला आणि त्याचे उत्तर संविधानातच दिले गेले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा इ. अस्पृश्यांना खुली करण्याची शिफारस केली. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तथापि तेथील पाणी प्रत्यक्षात घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यातून उद्‌भवलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. रूढी सिद्ध झाली असती, तर काय, हा प्रश्न मात्र त्या निर्णयाने शिल्लक ठेवला. तो पुढे कायद्याने मिटविला.

प्रारंभी हे कायदे प्रांतवार होते. गडचांदूर ज्या राजुरा तालुक्यात मोडत असे, तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता व तेथे १३५८ फसलीचे विनियम लागू होते. लगतच्या चांदा जिल्ह्यात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४७ चा अधिनियम, तर मुंबई प्रांतात १९४६ चा अधिनियम होता. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ ने या वेगवेगळ्या कायद्यांची जागा घेतली.

संविधानातील तरतुदी : अनुच्छेद १५ (२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेशास मज्जाव करता येत नाही. हे बंधन शासनाप्रमाणेच खाजगी व्यक्तींवरही आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा व्यापक अर्थ स्पष्ट केला : जो आपली सेवा कोणासही देऊ करतो, त्याचे ते दुकान, आणि येथे केवळ आत शिरण्याचा नव्हे, तर अटी मान्य असल्यास सेवा मिळण्याचा हक्क अभिप्रेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खाजगी शिक्षणसंस्थेसंबंधीच्या एका प्रकरणात याच विवेचनाचा आधार घेतला.

अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य हे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या, तसेच मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. त्यामुळे दुकानदाराची श्रद्धा अनुच्छेद १५ व १७ यांवर मात करू शकत नाही. १९५५ च्या अधिनियमाचे (१९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम) कलम ६ नेहमीच्या व्यवहारात इतरांना ज्या वेळी, ज्या जागी व ज्या अटींवर माल वा सेवा दिली जाते, त्याच प्रकारे ती देण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा अपराध ठरविते. धार्मिक कारण पुढे करून अस्पृश्यतेचे समर्थन करणे हेही या अधिनियमाने तिला उत्तेजन देणे मानले आहे.

धर्मसंस्थेच्या अंतर्गत कारभाराचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कृतीविरोधी अधिनियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अनुच्छेद २६ च्या आधारे रद्द केला. २०२३ मध्ये त्या निर्णयाचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

परदेशांतील स्थिती : अमेरिकेच्या १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना अधिनियमाने शासनाने धर्माचरणावर भारी बोजा टाकण्यास मर्यादा घातल्या. इंडियाना राज्याचा याच धर्तीचा २०१५ चा कायदा सेवानकारास वाव देईल, अशी टीका झाल्याने त्यात तातडीने दुरुस्ती करावी लागली. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय ग्राहकांना नाकारणाऱ्या उपाहारगृहचालकाचा धर्मश्रद्धेचा बचाव तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्षुल्लक ठरविला होता. समलिंगी जोडप्यास विवाहाचा केक नाकारणाऱ्या बेकरीचालकास मात्र २०१८ मध्ये यश मिळाले. पण ते राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माविषयी तटस्थता पाळली नाही, या मर्यादित कारणास्तव. २०२३ मध्ये विवाहाची संकेतस्थळे तयार करणाऱ्या व्यावसायिकास अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे सूट मिळाली. ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यास खोली नाकारणे २०१३ मध्ये बेकायदा ठरले. २०१८ मध्ये मात्र केकवरील मजकूर नाकारणे हे ग्राहकास नाकारणे नव्हे, असा भेद करण्यात आला.

भारतातील समलिंगी ग्राहक : सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध अपराधाच्या कक्षेतून वगळले. ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, असे विवेचन त्यातील निकालपत्रांत आढळते. त्यावरून अनुच्छेद १५ (२) चे संरक्षण समलिंगी ग्राहकांनाही आहे, असा युक्तिवाद करता येतो. परंतु अनुच्छेदात तसा स्पष्ट उल्लेख नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियमही अस्पृश्यतेपुरताच आहे. मानसिक आरोग्यसेवेत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली, तर तृतीयपंथी व्यक्तींना वस्तू व सेवा नाकारण्यास २०१९ च्या अधिनियमाने. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाने (२०१६) लैंगिकतेवरून भेदभाव करणे हा बहिष्काराचा एक प्रकार मानला. मात्र तो समाजाने आपल्याच घटकांवर घातलेल्या बहिष्कारापुरता आहे, दुकानदार व ग्राहक यांच्या व्यवहाराला तो सरसकट लागू पडत नाही.

या उणिवेची झळ सर्वत्र सारखी बसत नाही. महानगरात एका लॉजने खोली नाकारली, तर दुसरे शोधता येते. सिमेंट उद्योगामुळे वाढलेल्या गडचांदूरसारख्या लहान गावात निवड थोडी, ओळखी दाट आणि तक्रार करणे म्हणजे स्वतःविषयी जाहीर वाच्यता करणे होय. चवदार तळ्याच्या बाबतीत ठराव आणि पाणी यांच्यामध्ये जे अंतर होते, ते येथे न्यायालयीन विवेचन आणि दुकानाचा उंबरठा यांच्यामध्ये आहे. अस्पृश्यतेच्या बाबतीत ते अंतर कमी करण्यासाठी नाव घेऊन सांगितलेला अपराध, शिक्षा आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्धचे कृत्य अस्पृश्यतेमुळेच घडले असे गृहीत धरण्याची तरतूद करावी लागली. लैंगिक कलासंबंधी तसा सर्वसाधारण कायदा अद्याप झालेला नाही.